फड उठवा

चिठ्ठीत शब्द तीनच होते: फड उठवा आजच. खाली देवकाबाईंची सही, वाकडी, पण ओळखीची. ओळखीची का नसेल, बाईंना अक्षरं गिरवायला केवळराम मुनशीनंच शिकवलं होतं, तेही बाई तिशीच्या झाल्यावर. आपल्याच विद्यार्थिनीची चिठ्ठी आपल्याला कळू नये, ही वेळ मात्र त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्रेचाळीस सालचा मे संपत आला होता. बोदलकशाच्या तलावाकाठी रेताड जागेवर तेंदूपत्त्याचा फड पसरला होता. पन्नास-पन्नास पानांचे पुडे ओळीनं वाळत टाकलेले, पार पळसाच्या झाडांपर्यंत. बाईंच्या तिरोड्याच्या बिडी कारखान्याचं हे सालभराचं पान. पाऊस लागला तर काळं पडून मातीत जाणार. पानं तोडणारी माणसं हंगाम संपवून गेली होती आणि गावातलं उरलंसुरलं माणूस वरातीला गेलं होतं. बोरे, म्हणजे पत्त्याची पोती, भरायला म्हणून नऊ गडी तेवढे मागं ठेवले होते.

खरी गोम या नऊ गड्यांत होती. ही सगळी मंडळी बिसराम शाहिराच्या दंडारीची. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की गावोगाव दंडार करायची, नाचायचं, गायचं, सोंगं आणायची, आणि उन्हाळ्यात बाईंच्या फडावर पोट भरायचं. पत्त्याचा तो फड आणि दंडारीचाही फडच. इतकी वर्षं यावर सगळे हसत आले होते. आज ते हसणं केवळरामच्या गळ्याशी आलं.

चिठ्ठी घेऊन सायकलवरून मुन्नालाल आला होता. कारखान्यात तो बिड्या तपासायचा. खराब बिडी शोधण्यात हयात गेल्यामुळे जगातलं दुसरं काही त्याला फारसं दिसत नसे.

"मुनशीजी, पाहून काय राहिले? आभाळ भरून राहिलं. लावा गडी कामाले," तो म्हणाला.

"बाई काय म्हणल्या? पत्ता म्हणल्या का फड म्हणल्या?"

"फड म्हणल्या. मंग फड म्हणजे पत्ताच ना. दुसरं काय?"

"चिठ्ठी लिहिली तवा तिथं कोण होतं?"

"ठाणेदार साहेब होते ना ओसरीत. त्याईनं चिठ्ठी वाचली बी. हासले. म्हणे, बाई को बस पत्ते की फिकर. बाहेर लॉरी उभी होती, सात-आठ शिपाई होते. जेवून इकडंच येऊन राहिले म्हणे."

ठाणेदार लॉरीभर शिपाई घेऊन पत्ता बघायला येत नाही, एवढं केवळरामला कळत होतं. गेल्या मंडईत बिसरामनं बोकडाचं सोंग आणलं होतं. डोक्यावर साहेबी टोपी घातलेला बोकड घरोघर लढाईचा फंड मागत फिरतो, दाणे खातो, छपराचं गवत खातो आणि शेवटी म्हणतो, आता घर द्या, लढाईला कमी पडतंय. लोक लोळून हसले होते. तेही चिमूरच्या गोळीबाराला तीन महिने झाले नव्हते तेव्हा. बाई पुढं बसून पदराआड हसत होत्या. कुणीतरी आत्ता सहा महिन्यांनी जाऊन कान फुंकले असणार.

म्हणजे बाईंनी ठाणेदाराच्या नाकासमोर चिठ्ठी लिहिली होती. तिचा अर्थ पत्ता उचला असाही होता आणि माणसं हलवा असाही होता. दोन्ही एकदम होणं नव्हतं. पत्ता उचलायला हे नऊच जण होते आणि निदान चार तास हवे होते. लॉरी त्याच्या आधी येणार. माणसं हलवली तर पत्ता पावसात. चुकला तर एक तर बाईंचा कारखाना बुडणार, नाही तर सत्तर वर्षांचा बिसराम तुरुंगात मरणार.

आता बाईंना नक्की काय हवं असेल? वीस वर्षं चाकरी करून या प्रश्नाला चटकन उत्तर सापडू नये, याचा केवळरामला स्वतःचाच राग आला.

बाई पक्क्या धंदेवाईक होत्या, यात शंका नव्हती. नवरा रामलाल अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. दीर सेवकराम म्हणाला, माहेरी जा. त्या नवऱ्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसल्या आणि बिड्या वळू लागल्या. आज तिरोड्याच्या आसपासच्या अकरा गावांतल्या बाया त्यांच्यासाठी बिड्या वळत होत्या. 'पहिले पत्ता, मंग बाकी,' हे त्यांचं पालुपद होतं. गोदामाला आग लागली तेव्हा आत दंडारीच्या ढोलक्या आणि भरजरी झगे होते, बाईंनीच हौसेनं नागपुराहून आणलेले. बाई अंगणात उभं राहून ओरडल्या, पत्ता काढा आधी. ढोलक्या जळाल्या. बाईंनी तिकडं वळूनही पाहिलं नाही.

दुसरीकडं याच बाईंनी तिरोड्यात दंडारीसाठी टिनाचं छप्पर घातलेला पक्का मंच बांधला होता. गॅसबत्त्या घेऊन दिल्या होत्या. बिसरामला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याची गाणी वहीत उतरवून घ्यायचं काम दर पावसाळ्यात केवळरामच्या माथी मारलं होतं. चौदा वह्या झाल्या होत्या. केवळराम कुरकुर करत लिहायचा. त्याला हे नाचे डोळ्यांसमोर नको असायचे. हा तुळशीची माळ घालणारा माणूस, दारुड्याचा धक्का लागला तरी आंघोळ करणारा. आणि बिसराम दर साली त्याचंच सोंग आणायचा, छत्री काखेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चाल बदकाची. सारी मंडई हसायची. बाईसुद्धा.

गाव म्हणायचं, बाईनं बिड्या विकून नाचे पोसले. केवळरामही मनातून तेच म्हणायचा. पण एका पावसाळ्यात, वही पुरी झाल्यावर, बाई त्याच्याशी एक गोष्ट बोलल्या होत्या. नवरा मरून वर्ष झालं नव्हतं. त्या घरून निघाल्या. रस्त्यात मंडई भरली होती, म्हणून गर्दीत अडकल्या. बिसराम तेव्हा स्वतःच्याच लग्नाला उशिरा पोचलेल्या नवरदेवाचं सोंग करत होता, वऱ्हाड जेवून परत गेलेलं. बाई मोठ्यांदा हसल्या. विधवा बाई चारचौघांत हसली म्हणून गावानं महिनाभर तोंडसुख घेतलं.

"मुनशीजी," बाई म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी मी विहिरीवर चालली होती. पाणी भराले नाही. मंडई रस्त्यात लागली."

त्यांनी हे पुन्हा कधी काढलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

केवळरामनं चिठ्ठी पुन्हा वाचली. आणि मग त्याला दिसलं की तिच्यात आकडा नव्हता. बाईंची चिठ्ठी आकड्याशिवाय कधी आली नव्हती. बोरे अमुक, दोरीचे वेढे तमुक, गाड्या किती, अगदी गड्यांना मीठ किती तेसुद्धा. पत्ता उचलायचा असता तर बाईंनी आकडा लिहिल्याशिवाय लेखणी खाली ठेवली नसती.

इतक्या लहान गोष्टीवर एवढा मोठा कारखाना लावायचा? पण दुसरं काही हातात नव्हतं.

"मुन्नालाल, तू जाय वापस," तो म्हणाला. "बाईले सांगजो, फड उठवून राहिलो. बस एवढंच. रस्त्यात कोणी पुसलं तरी एवढंच."

"मी हात लावतो ना बोरे भराले."

"जाय म्हणलं ना."

मुन्नालाल गाल फुगवून निघून गेला. सायकल झाडांआड गेल्यावर केवळराम गड्यांच्या झोपडीकडं जवळजवळ पळतच गेला. बिसराम दारात बसून पायातला काटा काढत होता.

"मुनशीजी, पळता येते का तुमाले? हे मले सोंगात टाका लागन."

"उठा. सगळे उठा. पोलीस येऊन राहिले तुमाले धराले. बोकडाचं सोंग कोणीतरी सांगितलं. नागझिऱ्याच्या रानात घुसा, गोंडाईच्या वस्तीवर, टोल्यावर जा. पाऊस झाल्याशिवाय बाहेर येऊ नोका."

आठ जण ताडकन उठले. बिसराम बसूनच राहिला. त्यानं आभाळाकडं पाहिलं, मग पसरलेल्या पुड्यांकडं.

"आन् पत्ता?"

"मी पाहीन."

"एकटे? मुनशीजी, बाईचा सालभराचा पत्ता हाये हा. या पोराईले जाऊ द्या. मी भरतो बोरे. सत्तर साल झाले, जेलात बी भाकर भेटते."

"तुमची अर्धी गाणी अजून तुमच्या पोटातच हायेत," केवळराम चिडून म्हणाला. "वहीत आली नाहीत. जेलात मराची भलती हौस आली तुमाले. निघा इथून."

बिसराम काठी टेकून उठत म्हणाला, "यंदा तुमचं सोंग नाही करत."

"करजा. जिते राहा, आन् करजा."

नऊ जण पळसांच्या पलीकडं दिसेनासे झाले. केवळराम वळला. समोर सगळा फड जसाच्या तसा पसरलेला होता. एकही पुडा हललेला नव्हता. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

ठाणेदारानं चिठ्ठी वाचली होती. तो येणार, बघणार, की चिठ्ठी पोचली, पत्ता जागेवरच आहे आणि माणसं तेवढी गायब. मग चिठ्ठीतला फड कोणता होता हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. माणसं वाचवता वाचवता केवळरामनं बाईंना बेड्या घातल्या होत्या. ओळीनं मांडलेले ते पुडेच बाईंविरुद्ध साक्ष देणार होते.

तो वेड्यासारखा पुडे गोळा करून बोऱ्यात कोंबू लागला. एक बोरा भरला, दुसरा अर्धा झाला. छाती भरून आली. आभाळ काळं झालं, वारा सुटला. लांबून, घाटाच्या बाजूनं, लॉरीची घरघर ऐकू आली. पत्ता का उचलला नाही, याला एखादं कारण हवं होतं. असं कारण, की ठाणेदारानं ते ऐकून मुनशीला शिव्या घालाव्यात आणि बाईंची कीव करावी.

झोपडीच्या कुडाला बिसरामचा भोपळ्याचा तुंबा लटकत होता. त्यात मोहाची होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. केवळरामनं बूच काढलं. नुसत्या वासानं त्याला मळमळलं. पन्नास वर्षांत त्यानं जे ओठाला लावलं नव्हतं ते डोळे मिटून घशात ओतलं, उरलेलं सदऱ्यावर सांडलं, भरलेला दीड बोरा जमिनीवर उलटा केला आणि त्याच ढिगावर आडवा झाला. लाज वाटून रडू येत होतं, आणि भीती तर इतकी, की झिंगायचं सोंग करावं लागलं नाही, पाय आपोआपच लटपटत होते.

पावसाचे थेंब आणि ठाणेदाराची काठी एकाच वेळी त्याच्या अंगावर आली.

"उठ! चिठ्ठी मिली थी?"

"मिली साहेब."

"तो पत्ता क्यों पड़ा है? और नौ आदमी कहाँ गए?"

"गडी म्हणे वरातीत जाऊन येतो. मी म्हणलं, जा. मंग थोडी घेतली. मंग डोळा लागला."

शिपायांनी झोपडी धुंडाळली, रानात शंभर पावलं जाऊन परत आले. पाऊस धो धो कोसळू लागला. पुडे पाण्यावर तरंगायला लागले. केवळराम ते बघत उभा राहिला. ठाणेदारानं त्याच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि छत्रीखाली धरून पुन्हा वाचली. या वेळी तो हसला नाही.

"दंडारवाले भी अपनी टोली को फड ही बोलते हैं ना?" त्यानं सावकाश विचारलं. मग शिपायांकडं वळून म्हणाला, "डालो इसको गाड़ी में. बाई के सामने ही पूछेंगे."

तिरोड्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. देवकाबाई ओसरीत उभ्या होत्या. ठाणेदारानं केवळरामला पायरीखाली उभं केलं आणि नजर बाईंच्या चेहऱ्यावर ठेवली.

"बाई, आपका पत्ता गया. सारा का सारा. एक पुड़ा नहीं उठा. अब ज़रा बताइए, चिठ्ठी में आपने कौन सा फड लिखा था?"

सालभराचं पान गेलं हे बाईंना असं कळलं. त्यांनी खांबाला हात लावला. त्यांची नजर केवळरामवर आली, त्याच्या चिखलानं भरलेल्या धोतरावर, सदऱ्यावर. चार हातांवरून मोहाचा भपकारा येत होता. केवळरामनं मान वर केली नाही. आपण चुकलो की बरोबर, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. बाईंना पत्ताच हवा असेल तर?

"गडी कुठं हायेत?" बाईंनी विचारलं.

"नाही हायेत," तो म्हणाला. "एक बी नाही राहिला तिथं."

बाई पायऱ्या उतरून खाली आल्या. वीस वर्षांत त्यांनी त्याला 'मुनशीजी' आणि 'तुमी' याखेरीज हाक मारली नव्हती.

"मुडद्या," त्या म्हणाल्या, "पेऊन पडला होतास तू?" आणि त्यांनी त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ धरून हिसका दिला. मणी ओल्या अंगणात उडाले. "हे कायले घालतं मंग? माह्या सालभराचा पत्ता बुडवला. अकरा गावच्या बाया काय वळतीन आता, तुहं डोस्कं? उद्यापासून माह्या दारात दिसू नोको."

मग त्या ठाणेदाराकडं वळल्या. आवाज थकलेला होता आणि तो थकवा खोटा नव्हता.

"साहेब, दरसाली हंगामात हा असाच करते. वीस साल झाले, झाकून राहिली मी. याच्या बायकोकडं पाहून ठेवला होता. पत्त्याचा फड म्हणजे मले काय आहे ते तुमाले काय सांगू."

केवळरामला आता सगळं कळलं. तो थेंबभर पीत नाही हे तिरोड्यात बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो प्याला, यातच त्यांना सगळी हकीकत कळली होती. त्याचा हिशेब चुकला नव्हता. आणि त्याचं नाव बाईंनी, स्वतःच्या हातानं, कायमचं मातीत घातलं होतं, कारण दुसरा उपाय नव्हता. त्याला हुंदका आला. शिपाई हसले, दारू रडवते म्हणाले.

"हर साल पीता है?" ठाणेदारानं विचारलं.

"हर साल कायले, रोज पेते," बाई म्हणाल्या.

"अच्छा." ठाणेदारानं मिशीवरून बोट फिरवलं. "तो बीवी को भी मालूम होगा. घर जाकर पूछ लेते हैं."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. केवळरामनं तो उडताना पाहिला. धुरपताला, त्याच्या बायकोला, काय ठाऊक? तीन आठवडे नवरा रानात, घरी ती एकटी. अठ्ठावीस वर्षं ती शेजारणींना सांगत आली होती की माझा माणूस सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. दारात शिपाई बघून ती हेच सांगणार, देवाची शपथ घेऊन सांगणार, आणि बाई, बिसराम, सगळेच एका वाक्यात जाणार.

घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. ठाणेदारानं सोबत धाडलेल्या जमादारानं त्याचा दंड धरला होता. खूण करायची सोय नव्हती. आजूबाजूच्या दारांत माणसं कंदील घेऊन उभी होती. जमादारानं कडी वाजवली. धुरपतानं दार उघडलं.

"हा तुहा नवरा ना? रोज पेते का हा?"

धुरपतानं नवऱ्याकडं पाहिलं. चिखल पाहिला, वास घेतला. रिकामा गळा पाहिला. केवळराम तिच्याकडं बघत होता आणि त्याला तोंड उघडता येत नव्हतं.

"रोजच पेते," ती म्हणाली. "तुमाले आज समजलं का? द्या आत ढकलून. सारा मोहल्ला पाहून राहिला."

जमादार जरा हिरमुसला. त्यानं केवळरामचा दंड सोडला आणि तो परत फिरला. धुरपतानं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. जमादाराच्या बुटांचा आवाज विहिरीपलीकडं जाईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं कोरडा पंचा आणून त्याच्या डोक्यावर टाकला आणि हळू आवाजात विचारलं, "आता सांगा, कोणासाठी पेले तुमी?"